अप्पेपात्रातली रम

मित्राच्या पन्नाशीला रम प्यायची नाही, खायची, ही कल्पना माझीच. मोबाईलवर एकाला रमच्या जिलेटिन गोळ्या करताना पाहिलं होतं. चार मिनिटांत तांबूस, पारदर्शक, बोटानं दाबलं की थरथरणाऱ्या गोळ्या तयार. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता, तेही मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ तेवढा लागला नाही. माझ्या खिडकीबाहेर सोलापूरचा मे महिना होता.

जिलेटिनची भुकटी गार पाण्यात टाकली की साबुदाण्यासारखी फुगते. इथपर्यंत ठीक. पण वासाबद्दल व्हिडिओत कुणी बोलत नाही. पावसात भिजलेली कोल्हापुरी चप्पल दाराआड ठेवल्यावर सुटतो ना, तो वास. आणि तो सुटणारच. जनावरांच्या कातड्यापासून, हाडांपासूनच करतात ते. आई माळकरी. तिनं वास घेतला, पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "हाडकं माझ्या फ्रिजात जायची नाहीत." शेजारी रमची बाटली उभी होती. तिच्याबद्दल चकार शब्द नाही! शेवटी बायकोनं मध्यस्थी केली. खालचा कप्पा, झाकणाचा स्टीलचा डबा, आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवायची नाही, या अटींवर तह झाला.

पहिल्या खेपेला मी सगळं एकत्र करून खळखळून उकळलं. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, पाण्याच्या कितीतरी आधी. रम वाफ होऊन आधी स्वयंपाकघरात, मग जिन्यात गेली. वरच्या मजल्यावरचे काका, जे गणपतीच्या वर्गणीलाही दार उघडत नाहीत, ते 'सहज' डोकावून गेले. उकळल्यानं जिलेटिनची पकडही जाते म्हणे. म्हणजे नशाही गेली आणि गोळीही.

दुसऱ्या खेपेला शहाणा झालो. भिजलेलं जिलेटिन मंद आचेवर नुसतं विरघळवलं, गॅस बंद केला आणि रम शेवटी ओतली. तीही बेतानं, कारण जास्त झाली तर जिलेटिन धरतच नाही. वर हौसेनं ताज्या अननसाचा रस. सकाळी डबा उघडला तर आत पन्हं! ताज्या अननसात एक विकर असतं, ते जिलेटिन पार तोडून टाकतं. डब्यातला शिजवलेला अननस चालतो. हे ज्ञान पाऊण बाटली संपल्यावर मिळालं.

मध्येच एक शंका आली. १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो. चावायला कुठला लागतो? मेव्हणा वकील आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "आधी घट्ट तर होऊ दे."

तिसऱ्या खेपेला साच्याचा प्रश्न आला. आईचं माहेरचं बिडाचं अप्पेपात्र दिसलं. सात गोल खळगे, जणू याच कामासाठी घडवलेले. खोबरेल लावलं, मिश्रणात लिंबू पिळलं, ओतलं. बिडाला आंबट चालत नाही, हे सोलापुरातल्या कुठल्याही बाईनं झोपेतही सांगितलं असतं. काळ्याकुट्ट गोळ्या निघाल्या. चव गंजक्या खिळ्याची. आईनं अप्पेपात्र राखेनं घासलं, तेल लावून उन्हात ठेवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रम चालली, हाडकं चालवून घेतली; अप्पेपात्र नाही.

चौथ्या खेपेला बर्फाचा ट्रे वापरला आणि जमलं! अठ्ठेचाळीस गोळ्या, एकेक काचेच्या मण्यासारखी. मी दर अर्ध्या तासानं फ्रिज उघडून बघत होतो.

शनिवारी रात्री आठला ताट घेऊन गच्चीवर गेलो. दुपारी पारा ४३ला टेकलेला, फरशी अजून चटके देत होती. जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणूनच तर ते तोंडात विरघळतं. पण मे महिन्यात अख्खं सोलापूरच तोंडात असल्यासारखं असतं. केक कापून, टाळ्या वाजवून ताटाकडे वळलो, तोवर काठोकाठ तांबडा रस्सा झाला होता.

पन्नाशीच्या मानकऱ्यानं वाकून बघितलं. "काय बे हे? आमटी?"

मी काही बोलायच्या आत त्यानं कडक भाकरी घेतली, दोन्ही हातांनी कराकरा त्यात चुरली, वर शेंगाचटणी भुरभुरली आणि एक घास घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानं शांतपणे चावलं, गिळलं.

"मीठ कमी पडलं बे."