दादा, गाईचा मुद्दा तुम्ही बरोबर धरलात

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून विकलेल्या वसाहतीच्या, घरमालकांनी मिळून चालवलेल्या समितीवर मी लेख लिहिला, त्यावर तुमचं म्हणणं असं: घरपट्टी ग्रामपंचायतीला आणि वर्गणी समितीला, हा दुहेरी कर झाला, समिती म्हणजे गावात राहून गावकीतून अंग काढून घेण्याचा शौक, आणि जिनं एका बाईची गाय बाहेर काढली त्या समितीचं कौतुक करताना मला लाज वाटायला हवी होती. वर सर्वसहमतीनं चालणाऱ्या मेंढा-लेखा गावाचा दाखला दिलात. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण गाईच्या मुद्द्यावर दोन ओळींत सुटणं बरं दिसणार नाही.

आधी पाणी, कारण तिथं मी मागे हटणार नाही. आमचा लेआउट दारव्हा-दिग्रस रस्त्याच्या कडेला. ६४ प्लॉट, त्यात ४१ घरं. प्लॉट विकताना लेआउटवाल्यानं नकाशावर बाग, डांबरी रस्ते, पक्क्या नाल्या सगळं रंगवून दाखवलं होतं. मिळालं काय, तर एक बोअर आणि मुरमाचे रस्ते. काळ्या मातीवरचा मुरूम दोन पावसाळ्यांत मातीनं गिळला. ग्रामपंचायतीत गेलं की उत्तर ठरलेलं: रस्ते आणि ओपन स्पेस अजून आमच्याकडे हस्तांतरित नाहीत, तिथं खर्च कसा टाकू? नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घरं मात्र चढलेली आणि घरपट्टीची मागणी वेळच्या वेळी दारात. म्हणून दुहेरी कर हा तुमचा शब्द मी खोडत नाही. कर दुहेरीच आहे.

पण समिती नव्हती त्या उन्हाळ्यात मोटर जळाली, तेव्हा पैसे कोणी काढायचे यावर आम्ही नऊ दिवस भांडलो आणि नऊ दिवस टँकर घेतला. पारा ४५ च्या वर. कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, म्हणून लहान लेकरं घेऊन माणसं माहेरी-सासरी निघून गेली. समिती झाल्यावर पुन्हा मे महिन्यातच मोटर जळाली. खात्यात १८ हजार होते. संध्याकाळी पाइप वर ओढले, दुसऱ्या दिवशी रिवाइंडिंग करून मोटर खाली सोडली. महिन्याला ३०० रुपये वर्गणी यासाठीच आहे. आणि टिल्लू पंप, नळाचं पाणी ओढून घेणारी ती छोटी मोटर! लाइनीच्या सुरुवातीची घरं नळाला टिल्लू लावायची आणि शेवटच्या गल्लीत नळातून नुसती हवा फुसफुसायची. टिल्लू दिसला की पंधरा दिवस नळ बंद, असा नियम केला. पहिला नळ बंद झाला तो अध्यक्षांच्या सख्ख्या साळ्याचा. त्या दिवसापासून समितीला वजन आलं. हे काम ग्रामपंचायतीनं करायला हवं होतं, मान्य. पण तोवर प्यायचं काय?

आता गाय.

चौथ्या गल्लीतल्या मावशी. नवरा गेल्यावर शेत भावाच्या स्वाधीन करून इथं घर बांधलं, सोबत एक गाय आणि कालवड आणली. मागच्या सांदवाडीत टिनाचं छप्पर, कडेला कुटाराचा ढीग. पावसाळ्यात शेण-मूत नालीत उतरायचं, नाली आमच्याच हलगर्जीपणानं तुंबलेली, आणि सगळं पाणी ३१ नंबरच्या अंगणात. तिथल्या कुटुंबात एक तान्हं बाळ. तक्रार खोटी नव्हती. बैठक झाली, म्हणजे तीन जण चहा घेत बसलो आणि 'लेआउटमध्ये ढोरं बांधू नयेत' अशी ओळ वहीत लिहिली. लिहिली मी, खजिनदार असलो तरी वही माझ्याकडेच असते. खाली माझी सही आहे. मावशींना व्हॉट्सॲपवर कळवलं, त्यांच्याकडे तेव्हा साधा फोन होता. नातवानं वाचून दाखवलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सर, माही गाय काऊन नाही चालत? तुमच्या गाड्या चालतेत ना?"

मी स्वच्छतेवर काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, यावरून काय ते समजा. पंधरा दिवसांत गाय-कालवड भावाच्या शेतावर गेली. हे सगळं मी लेखात 'गोठ्याचा प्रश्नही सामोपचाराने सुटला' अशा एका वाक्यात गुंडाळलं होतं. तुम्ही ते वाक्य बरोबर उचललंत. नाली साफ करायला हजार-दीड हजार लागले असते आणि एक शोषखड्डा. आम्ही स्वस्तातला मार्ग घेतला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला पडली.

पुढे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आला. ओपन स्पेसवर लेकरं लाकडी बैल सजवून ओढत होती, आम्ही समितीच्या पैशातून बक्षिसं वाटत होतो. अख्ख्या लेआउटमध्ये एकही जितं ढोर नव्हतं. तेव्हा हे मनात आलं नाही, तुमची प्रतिक्रिया वाचताना आलं.

ढोरांवर थांबलं नाही, हेही सांगतो. पुढची मागणी आली की वेचणीत घरात कापूस भरू नये, आगीची भीती. मग पराटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, भारे नकोत, गच्चीवर वाळत घातलेल्या खारोड्या-कुरडया रस्त्यावरून दिसतात तेही नको! इथली निम्मी घरं शेतकऱ्यांची. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासात राहतो, तिथल्या घरमालक संघटनेकडून त्याला अंगणातलं गवत वाढलं म्हणून पत्र आलं होतं. आम्ही हसलो होतो. तिथं तर वर्गणी थकली तर संघटना घरावर बोजा चढवून ते विकायलाही काढू शकते. खारोड्यांच्या बैठकीत मला तेच गवत आठवलं आणि मी पहिल्यांदा विरोधात हात वर केला. ठराव पडला.

आमच्या समितीची नोंदणी नाही, त्यावर तुम्ही टोमणा मारलात की कागदच नाही तर हिशोब कोण मागणार. बरोबर. पण दुसरी बाजूही बघा. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदणी केली की दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण, निवडणूक हे सगळं बंधनकारक होतं, ते मला हवंच आहे. सोबत वसुलीचा दाखलाही येतो. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण घातलं, त्यात निबंधकाच्या दाखल्यावर थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याजाची मुभा आहे. सोयाबीन निघेपर्यंत ज्याच्या खिशात पैसा नसतो, त्याच्यावर हे चालवायचं? आज आमच्याकडे तो अधिकार नाही, म्हणून वर्गणीसाठी दारात जाऊन बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, कधी दिवाळीपर्यंत थांबावं लागतं. मला ते परवडतं.

मेंढा-लेखाबद्दल मात्र थोडं सांभाळून. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं ते गोंडांचं गाव, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवलेलं. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतो, एकाचीही हरकत असली तर विषय पुढे जात नाही. पण ते गाव पिढ्यान्पिढ्या एकत्र राहिलेलं आहे. आमच्याकडे एसटीचा ड्रायव्हर, दोन मास्तर, कृषी केंद्रवाला, चार गावांहून आलेले शेतकरी. शेजाऱ्याचं आडनाव कळायला वर्ष लागलं. सर्वसहमती इथं उद्या उगवणार नाही. पण मावशींची हरकत त्या बैठकीत असती तर गाय गेली नसती, हे मात्र खरं.

तुमचा गावकीचा मुद्दा मला गाईइतकाच बोचला. समितीनं खांबांवर दिवे लावले तेव्हा सरपंच कौतुकानं म्हणाले, तुमची समिती सक्षम आहे, तुम्हाला आमची काय गरज! आम्ही फुगलो. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, २६ जानेवारीच्या सभेला आमच्या ४१ घरांतून एकही माणूस नव्हता. मग आमच्या रस्त्याचा ठराव कोण मांडणार?

येत्या रविवारी पूर्ण लेआउटची बैठक ओपन स्पेसवर ठेवली आहे. निरोप घरोघरी जाऊन दिले, मावशींकडे मी स्वतः गेलो. विषय दोन: रस्ते-ओपन स्पेसच्या हस्तांतरणाचा अर्ज घेऊन पुढच्या ग्रामसभेला सगळ्यांनी जायचं, आणि वहीतली ती ढोरांची ओळ. मावशी येतो म्हणाल्या नाहीत, नाही असंही म्हणाल्या नाहीत. तुमच्याकडे कुठल्या लेआउटची नियमावली असेल तर रविवारच्या आत पाठवा, शोषखड्ड्याचा खर्च कोणावर टाकलाय तेवढं मला बघायचं आहे.