चित्तप्रसाद ‘नुसता पोस्टरवाला’ नव्हता

आमच्या चामोर्शी तालुक्यातल्या गावात, वाचनालयाच्या भिंतीवर मी बंगाली चित्रकार चित्तप्रसाद यांच्या चार चित्रांच्या प्रती लावल्या. आठवडाभरात ग्रुपवर मेसेज फिरू लागला: हा कलाशाळेत न शिकलेला, नुसता पार्टीचा पोस्टरवाला, भुकेल्यांची चित्रं काढून नाव कमावलं, आणि बंगालातून मुंबईत आलेल्या उपऱ्याचं आपल्याकडे काय काम? हा मेसेज माझ्या विद्यार्थ्यांनीही पुढे पाठवला, म्हणून उत्तर देतो.

कलाशाळेत शिकले नाहीत, हे खरं. १९१५ साली नैहाटीत जन्म, तरुणपण चितगावात. तिथेच चळवळीत पडले आणि चित्रकला आपली आपण शिकले. यात कमीपणा कसला? झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या किती जणांनी कलाशाळा पाहिली? त्याच पडद्यांपुढे आपण रात्र रात्र जागतो.

पोस्टरं त्यांनी काढली, कम्युनिस्ट पक्षासाठीच काढली. माझा आक्षेप ‘नुसता’ या शब्दाला आहे. ते लिनोलियमवर, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या जाड चादरीवर, कोरून चित्रं छापत. त्याचा एक तुकडा हातात घेऊन पाहा. मी पाहिलाय. उन्हात ठेवून मऊ करायचा, मग अणकुचीदार हत्याराने कोरायचा. कोरलं तेवढं कागदावर पांढरं राहतं, उरलेल्यावर शाई बसते, आणि सगळं उलटं उमटतं. बैलाचं शिंग कोरताना माझा हात गव्हाएवढा सरकला आणि चार दिवसांचं काम गेलं. कोरलेलं परत भरता येत नाही. चित्तप्रसाद अशा कोरणीतून मजुरी करणाऱ्या पोरांचे चेहरे काढत. एका साच्यावरून कितीतरी ठसे निघतात, म्हणून चित्र गरिबाच्या घरीही पोचू शकतं. या पोरांच्या चित्रांचं पुस्तक १९६९ साली डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने काढलं. आणि पक्षापासून तर ते चाळीसच्या दशकाअखेरीसच दूर झाले होते. त्यानंतरही हात थांबला नाही.

‘नाव कमावलं’ हे वाचून मात्र मला राग आला. बंगालात दुष्काळ पडला होता तेव्हा, नोव्हेंबर १९४३ मध्ये, ते तिथल्या मिदनापूर जिल्ह्यातल्या गावांतून पायी फिरले. आदल्या वर्षीच्या चक्रीवादळाने तो जिल्हा आधीच मोडला होता. त्यात युद्ध, सरकारने काढून घेतलेल्या होड्या, आवाक्याबाहेर गेलेला तांदूळ. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यांनी शाईने चित्रं काढली, सोबत लिहिलं, आणि ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका काढली. इंग्रज सरकारने तिच्या जवळपास ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून ती २०११ मध्ये पुन्हा छापली गेली. सरकार जाळेल असं पुस्तक कोणी नाव कमवायला काढतं का? नावाचंच म्हणाल, तर जात दिसते म्हणून त्यांनी भट्टाचार्य हे आडनावच टाकून दिलं होतं.

राहिलं उपरेपण. १९४६ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढची बरीच वर्षं अंधेरीत राहिले. आपल्या तालुक्यातही पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं आहेत. त्यांच्या बांध्या आपल्या बांध्यांना लागून आहेत, रोवणीला बाया एकमेकींकडे जातात. त्यांतली एक आजी परवा चित्रांपुढे बराच वेळ उभी होती. तिची आई सांगायची, भात मागायची सोय नव्हती, लोक दारोदार ‘फ्यान’ मागत फिरत. फ्यान म्हणजे आपली पेज.

चित्रं पोळ्यापर्यंत भिंतीवर आहेत. मेसेज पुढे पाठवण्याआधी एकदा येऊन बघा.