नांगीवरून खेकड्याची नर-मादी ठरत नाही

मृगाच्या सरी कोसळल्या आणि ओढ्याकाठी खेकडे दिसू लागले की एक संदेश दरवर्षी मोबाइलवर फिरू लागतो. मोठी नांगी असेल तो नर, नांग्यांची टोके लाल असतील ती मादी, पोटाखाली त्रिकोण दिसला तर हमखास नर, आणि पिल्ले पोट फोडून बाहेर येत असल्यामुळे मादी बाळंतपणातच मरते, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते; शेवटी पुरावा म्हणून फाटलेल्या रिकाम्या कवचाचे छायाचित्र जोडलेले असते.

गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या अनेक जातींत, नर असो वा मादी, एक नांगी दुसरीपेक्षा मोठी असते. पूर्ण वाढलेल्या नरात हा फरक अधिक ठळक होतो, एवढे त्या पहिल्या विधानात तथ्य आहे. परंतु झटापटीत तुटलेली नांगी पुन्हा उगवते, आरंभी ती लहान असते आणि पुढे प्रत्येक वेळी कात टाकताना थोडी थोडी वाढते. म्हणजे नुकतीच नांगी गमावलेला नर या कसोटीवर मादी ठरेल.

लाल टोकांची खूण तर आपल्याकडची नाहीच. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील निळ्या खेकड्याच्या मादीला ती लागू पडते, आणि तो समुद्राचा व खाडीचा प्राणी आहे. सह्याद्रीतील खेकड्यांचा रंग मुख्यतः जातीनुसार बदलतो. २०१४ साली नव्याने स्थापन झालेल्या ‘घाटियाना’ या प्रजातीत भडक नारिंगी आणि जांभळ्या रंगांचे खेकडे आहेत, परंतु त्या रंगांवरून लिंग ओळखता येत नाही.

त्रिकोणाचे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच अधिक फसवे आहे. खेकड्याचे उदर, म्हणजे शरीराचा मागचा भाग, पोटाखाली दुमडलेले असते आणि ते सात खंडांच्या चपट्या पट्टीसारखे दिसते. प्रौढ मादीत ही पट्टी रुंद व गोलसर होऊन पायांच्या मुळापर्यंत पसरते. नरात ती अरुंद राहते, पण आपल्याकडच्या बहुतेक जाती ज्या गेकार्सिन्युसिडी कुळात मोडतात त्यांच्यात ती नेमकी त्रिकोणीही नसते. बुडाशी रुंद आणि पुढे एकदम निमुळती, अशी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी असते. खरी अडचण लहान खेकड्यांची आहे, कारण वयात न आलेल्या मादीची पट्टीही अरुंदच असते. अशा वेळी पट्टी उचलून आत पाहावे लागते (बोट सांभाळून, कारण नांग्या मोकळ्याच असतात). नराच्या पट्टीखाली उपांगांच्या दोनच जोड्या असतात आणि त्यांतील पहिली जोडी समागमासाठी काडीसारखी झालेली असते. जात ठरवताना अभ्यासक याच जोडीचा आकार तपासतात. मादीला चार जोड्या असतात, आणि ती वयात आली की त्यांवर दाट केस येतात.

अंडी चिकटतात ती याच केसांना. समुद्री खेकड्यांची अंडी संख्येने प्रचंड आणि बारीक असतात व त्यांतून पोहणाऱ्या अळ्या निघतात. गोड्या पाण्यातील मादी मात्र थोडी, पण मोठी अंडी घालते आणि त्यांतून थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात. ते काही दिवस आईच्या पट्टीखाली राहतात. पट्टी उघडताच भराभर बाहेर पडणारी ही पिल्ले ज्याने पाहिली असतील, त्याला पोट फुटल्याचा भास होणे स्वाभाविक आहे; प्रत्यक्षात ती पोटाच्या आत नसतातच, आणि ती निघून गेल्यावर आई जिवंत राहते.

राहिले ते छायाचित्रातले कवच. कात टाकताना खेकड्याचे कवच मागच्या बाजूने उकलते आणि नव्या, मऊ कवचाचा खेकडा त्या फटीतून मागे सरकत बाहेर पडतो. मागे उरते ते पायांच्या नळ्यांसकट रिकामे खोके, आणि त्याला पोटाखालची पट्टीही जशीच्या तशी असते. ओढ्यात असे ‘मेलेल्या आईचे’ कवच सापडले तर ते उलटे करून पाहावे. पट्टी ‘टी’ अक्षरासारखी असेल, तर ती आई नर होती.