‘इंग्रजी येते ना, मग परदेशात शिकवायला काय लागते?’ : एका लोकप्रिय समजुतीचा प्रतिवाद

परदेशात इंग्रजी शिकवायला जाऊ पाहणाऱ्यांपर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. अस्खलित इंग्रजी बोलता येत असेल तर शिकवता येतेच; कागदपत्रे आणि घर यांची काळजी शाळा घेते; पहिल्या पगारापासून शिल्लक पडू लागते; वर्ग इंग्रजीतच चालतो, म्हणून तिथली भाषा शिकण्यात वेळ घालवू नये; आणि तीन महिन्यांत माणूस रुळतो, जो रुळत नाही त्याने परदेशाच्या फंदात पडू नये. या पाचही विधानांत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती सहज पटतात. त्यांतले शेवटचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण आधीच्या चारांवर विसंबून गेलेल्या माणसाची अडचण झाली की दोष चुकीच्या माहितीचा नसून आपल्यातच काही कमी आहे, असे ते त्याच्या मनावर ठसवते.

पहिले विधान घेऊ. भाषा बोलता येणे आणि ती शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि पहिल्याच आठवड्यात एखादा विद्यार्थी हा फरक उघड करतो. ‘आय सॉ हिम यस्टरडे’ हे वाक्य चालते, मग ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ का चालत नाही, असे तो विचारतो. ज्याला केवळ इंग्रजी बोलता येते तो सांगतो की, ते कानाला बरोबर वाटत नाही. पण विद्यार्थ्याचा कान अजून तयार झालेला नसतो, त्यामुळे हे उत्तर त्याच्या काहीच उपयोगाचे नसते. प्रशिक्षण घेतलेला शिक्षक फळ्यावर काळाची एक रेघ काढतो, तिच्यावर ‘काल’ आणि ‘आत्ता’ अशा दोन खुणा करतो, कालचा दिवस संपला आहे की चालू आहे एवढाच प्रश्न विचारतो, आणि संपलेल्या वेळेचा स्पष्ट उल्लेख असला की ‘हॅव सीन’ बसत नाही, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतो. ‘समजले का?’ असे तो विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला सगळा वर्ग मान डोलावतो आणि त्यातून काहीही कळत नाही. इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी असलेल्या केंब्रिजच्या सेल्टा या अभ्यासक्रमात किमान 120 तासांचे प्रशिक्षण असते आणि त्यात प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावे लागते. एवढ्याने कोणी मुरलेला शिक्षक होत नाही, पण वर्गासमोर उभे राहण्यापूर्वी आपल्याला काय येत नाही, हे तरी नेमके कळते.

जपानच्या जेट कार्यक्रमाचा दाखला या ठिकाणी नेहमी दिला जातो. 1987 साली सुरू झालेल्या या सरकारी योजनेत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला भाषा-साहाय्यक म्हणून घेतले जाते आणि अध्यापनाची पदवी सक्तीची नसते, हे खरेच आहे. पण त्या पदाचे नावच साहाय्यक असे आहे. वर्गाची मुख्य जबाबदारी स्थानिक शिक्षकावर असते आणि साहाय्यकाने त्याच्या जोडीने शिकवणे अपेक्षित असते. खाजगी क्लासमध्ये पहिल्याच दिवशी एकट्याच्या हाती संपूर्ण वर्ग सोपवला जातो, आणि त्या नोकरीला हा दाखला लागू पडत नाही. याचा थेट संबंध परदेशात रुळण्याशी आहे. ज्याला तासाची तयारी कशी करायची हे ठाऊक नसते, त्याची संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस उद्याच्या धड्यात जातो. शेजाऱ्यांशी ओळख, गाव पाहणे, झोप हे सगळे मागे पडते, आणि मग ‘मला हा देश मानवला नाही’ असे तो म्हणतो. वास्तविक त्याला देश अजून भेटलेलाच नसतो.

याच विधानाची दुसरी बाजूही खोडून काढली पाहिजे. जन्मापासून इंग्रजी बोलणाराच उत्तम शिक्षक, असा समज अजून टिकून आहे. युगांडातील मॅकेरेरे येथे 1961 साली इंग्रजीच्या अध्यापनाविषयी झालेल्या परिषदेने ज्या गृहीतकांना बळ दिले, त्यांत आदर्श शिक्षक हा मातृभाषा इंग्रजी असणारा असतो, हे एक होते आणि इंग्रजी केवळ इंग्रजीतूनच शिकवावी, हे दुसरे. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिपसन यांनी 1992 साली या गृहीतकांना भ्रम ठरवून त्यांची सविस्तर चिकित्सा केली. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. जपानी, कोरियन, चिनी आणि रशियन भाषांतही नाहीत. मराठी माणूस ती नियम समजून घेत, चुका करत शिकलेला असतो, त्यामुळे या भाषांचे विद्यार्थी नेमके कुठे अडखळतील, याचा अंदाज त्याला आधीच असतो. मात्र नोकरीच्या बाजारात हे गुण पासपोर्टपुढे अनेकदा थिटे पडतात, हेही लपवता कामा नये. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-2 व्हिसा सर्वसाधारण नियमानुसार अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. ‘इंग्रजी येत असेल तर कुठेही जा’ म्हणणारे ही गोष्ट सांगत नाहीत, आणि अर्जदाराला ती पैसे व वेळ खर्च झाल्यावर कळते.

कागदपत्रे शाळा बघते, हे दुसरे विधान अर्धेच खरे आहे. शाळा आपल्या बाजूचा अर्ज करते. पण पदवीचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला हे शिक्षकाच्या स्वतःच्या देशातून निघतात, आणि त्यांच्यावर अपॉस्टिल नावाचा शिक्का लागतो तोही तिथेच. 1961 च्या हेग करारातून आलेला हा शिक्का कागदावरची सही आणि मोहोर अस्सल असल्याचे प्रमाणित करतो; मजकूर खरा असल्याची हमी तो देत नाही, म्हणून पदवीची पडताळणी त्यानंतरही होऊ शकते. हा करार चीनमध्ये 7 नोव्हेंबर 2023 रोजी लागू झाला. त्याआधी तिथे जाणाऱ्यांना वकिलातीकडून कागद प्रमाणित करून घ्यावे लागत. म्हणजे काही वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा प्रामाणिक सल्लासुद्धा आज चुकीचा ठरू शकतो. शाळा ‘पर्यटक व्हिसावर या, नंतर बदलून घेऊ’ असे म्हणत असेल, तर त्या प्रस्तावातली सगळी जोखीम शिक्षकाच्या अंगावर असते. दंड, हकालपट्टी आणि पुन्हा प्रवेशबंदी हे सारे परक्या नागरिकाच्या वाट्याला येते. अनेक देशांत व्हिसा त्या एका नोकरीलाच बांधलेला असतो, त्यामुळे राजीनामा देताना देशात राहण्याचा हक्कही धोक्यात येतो.

बचतीच्या विधानाला थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. पगार महिना भरल्यावर येतो, काही ठिकाणी पुढच्या महिन्यात. घराचे डिपॉझिट, अंथरूण-पांघरूण, फोन आणि प्रवास हे खर्च मात्र पहिल्याच दिवशी उभे राहतात. जपानमध्ये काही घरांना डिपॉझिटखेरीज परत न मिळणारी रक्कमही घरमालकाला द्यावी लागते. तिथेच पगारातून कापलेल्या पेन्शनच्या पैशांपैकी काही भाग देश सोडल्यावर परत मागता येतो, पण त्यासाठी दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, हे अनेकांना कोणी सांगतच नाही. दोन-तीन महिने पदरमोड करता येईल एवढे पैसे गाठीशी नसतील, तर निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर शाळेने दिले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. जपानमध्ये शेकडो शाखा असलेली नोव्हा ही इंग्रजी संभाषणवर्गांची कंपनी ऑक्टोबर 2007 मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले, आणि ज्यांची घरे कंपनीमार्फत घेतलेली होती त्यांच्या डोक्यावरचे छप्परही धोक्यात आले. जुलै 2021 मध्ये चीनने खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि देशाबाहेर बसून ऑनलाइन शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांना काम देण्यावर बंदी आणली. त्या क्षेत्रातल्या असंख्य नोकऱ्या बघता बघता गेल्या. यातल्या शिक्षकांचा काहीही अपराध नव्हता. अशा वेळी ज्यांच्याकडे परतीच्या तिकिटाइतके पैसे आणि कराराची स्वतःची प्रत होती, त्यांना निदान पुढचे पाऊल ठरवता आले असणार.

तिथली भाषा शिकू नये, हा सल्ला तर मला अजिबात मान्य नाही. वर्ग इंग्रजीत चालला तरी डॉक्टर, घरमालकाची नोटीस, कचरा कोणत्या वारी कसा टाकायचा याचे फलक आणि शिक्षकांच्या खोलीतली कुजबुज इंग्रजीत नसते. वर्गातही त्या भाषेचा फायदाच होतो. अरबीत ‘प’ हा ध्वनी नाही, हे माहीत असलेला शिक्षक ‘पार्क’चा ‘बार्क’ झाला की विद्यार्थ्याला निष्काळजी समजत नाही. तो ओठांसमोर कागदाचा तुकडा धरून ‘प’ म्हणताना कागद कसा हलतो, हे दाखवतो. शिवाय तिथली भाषा शिकू लागलेला शिक्षक स्वतः पुन्हा विद्यार्थी होतो, आणि चुकण्याची भीती म्हणजे काय, याची त्याला रोज आठवण राहते.

आता ते तीन महिने. मानववंशशास्त्रज्ञ कॅलेर्व्हो ओबर्ग यांनी 1960 साली परक्या संस्कृतीत गेलेल्या माणसाच्या चार अवस्था मांडल्या : सुरुवातीची भुरळ, मग चीड आणि नैराश्य, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी सरावणे. त्याआधी, 1955 मध्ये, नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियन व्यक्तींचा अभ्यास केला होता. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ राहिलेले बऱ्यापैकी जुळवून घेत होते, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची घडी सर्वांत विस्कटलेली होती, आणि त्याहून अधिक काळ राहिलेल्यांची पुन्हा बसलेली होती. पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलट, पोहोचल्या पोहोचल्याच त्रास सर्वाधिक असतो, असेही आढळले. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले, तर सर्वांना लागू पडेल असे वेळापत्रक काढता येत नाही, एवढेच सिद्ध होते. आणि तिसऱ्या महिन्याला निकाल लावणाऱ्या विधानाला तर यातल्या कशाचाच आधार मिळत नाही.

तिसऱ्या महिन्यात उत्साही असलेला शिक्षक आठव्या महिन्यात खचू शकतो, आणि त्यात त्याची लायकी कमी ठरत नाही. तेव्हा सण-समारंभांची अपूर्वाई ओसरलेली असते, दुसरे सत्र सुरू झालेले असते, आणि बरोबर आलेले दोन-चार सोबती करार संपवून निघण्याच्या तयारीत असतात. जेटमध्ये गेलेल्यांच्या तोंडी ‘प्रत्येकाची परिस्थिती वेगळी’ या अर्थाचे एक वाक्य इतके रुळलेले आहे की, इंग्रजीत त्याची ‘इसिड’ ही आद्याक्षरेच प्रचलित झाली आहेत. एकाच योजनेत, एकाच पगारावर गेलेल्या दोघांपैकी एक मोठ्या शहरात आणि दुसरा दूरच्या बेटावर असेल, तर दोघांच्या रुळण्याला एकच मोजपट्टी कशी लावणार?

म्हणूनच सही करण्यापूर्वी शाळेला काही नेमके प्रश्न विचारावेत. आठवड्याला किती तास शिकवायचे आणि त्याखेरीज किती तास शाळेत थांबायचे, हे करारात वेगवेगळे लिहिले आहे का? नोकरी सुटली तर घर किती दिवसांत सोडावे लागेल? आजारपणाची रजा भरपगारी आहे का? आणि सध्या तिथे शिकवत असलेल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी, शाळेचे कोणी हजर नसताना, बोलता येईल का? या शेवटच्या मागणीला शाळा टाळाटाळ करू लागली, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असला, तरी त्या करारावर सही करू नये.