जॉन ॲरनचं नाव मुलांना सांगायला हवं

चांद्रमोहीम म्हटलं की आपण आर्मस्ट्राँगच्या पहिल्या पावलापाशी थांबतो. मला मात्र त्यानंतर चार महिन्यांनी गेलेलं अपोलो १२ जास्त मोलाचं वाटतं, आणि तेही ह्यूस्टनच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या जॉन ॲरन या तरुण इंजिनिअरमुळे.

१४ नोव्हेंबर १९६९. फ्लोरिडात भर पावसात अपोलो १२ला घेऊन सॅटर्न ५ रॉकेट उडालं. ३६ सेकंदांनी वीज पडली, ५२व्या सेकंदाला पुन्हा. मोहिमेचा कमांडर पीट कॉनरॅड याच्यासमोर धोक्याचे दिवे भराभर पेटले. यानाला वीज पुरवणाऱ्या तिन्ही फ्युएल सेलची जोडणी सुटली आणि ह्यूस्टनच्या पडद्यांवर आकड्यांचा नुसता गोंधळ. रॉकेटचा स्वतःचा कॉम्प्युटर शाबूत होता म्हणून ते नीट वर चाललं होतं, पण यानाचं काय झालंय ते कुणालाच कळेना. मोहीम तिथेच सोडून द्यायची पाळी आली होती.

ॲरनला तो गोंधळ ओळखीचा वाटला. साधारण वर्षभरापूर्वी एका चाचणीत त्याने असेच वेडेवाकडे आकडे पाहिले होते. कुणी सांगितलं नसताना, हे असं का झालं याचा माग काढत तो सिग्नल कंडिशनिंग इक्विपमेंट (एससीई) या, यानातली मोजमापं वाचण्याजोगी करणाऱ्या पण फारशा कुणाला माहीत नसलेल्या यंत्रणेपर्यंत पोचला होता. आता तो एवढंच म्हणाला, ‘एससीई टू ऑक्स’, म्हणजे त्या यंत्रणेचा स्विच ‘ऑक्झिलरी’ या पर्यायी स्थितीवर टाका. फ्लाइट डायरेक्टर जेरी ग्रिफिनला ते कळलं नाही, कॉनरॅडलाही नाही. यानातल्या ॲलन बीनला मात्र तो स्विच माहीत होता. त्याने तो फिरवला आणि आकडे परत आले. मग फ्युएल सेलही पुन्हा जोडता आले.

पाच दिवसांनी हेच यान, अडीच वर्षांपूर्वी चंद्रावर पोचलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानापासून जेमतेम १६० मीटरवर उतरलं. अपोलो ११ ठरलेल्या जागेपासून कित्येक किलोमीटर पुढे गेलं होतं, म्हणजे ही झेप केवढी मोठी! कॉनरॅड आणि बीन चालत सर्व्हेयरपाशी गेले आणि त्याचा कॅमेरा कापून पृथ्वीवर घेऊन आले.

‘नेमून दिलंय तेवढंच कर, नसत्या चौकशा कशाला?’ हे आपल्याकडे शाळेपासून नोकरीपर्यंत ऐकवलं जातं, तेव्हा मला मनापासून चीड येते. ॲरनने तेच ऐकलं असतं तर त्या दिवशी कॉनरॅडला काय सांगायचं, हे त्या खोलीत कुणाला सुचलं असतं?

पुढच्या एप्रिलमध्ये अपोलो १३ची ऑक्सिजन टाकी फुटली. उरलेल्या तुटपुंज्या विजेवर बंद ठेवलेलं यान पुन्हा सुरू कसं करायचं, हा हिशेब बसवायची जबाबदारी तेव्हाही ॲरनवरच टाकली गेली.