पंचमीची पाऊणपट आणि कंबोईचा चिखल

बडोद्यातल्या आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस सहलीची चर्चा चालू आहे. आत्तापर्यंत ठरलंय ते एवढंच: थेपले कोण करणार, लीलो चिवडो किती किलो घ्यायचा आणि पहाटे निघताना शेव-उसळ खायची की परत आल्यावर. कुठून चालायला सुरुवात करायची, किती चालायचं, परत कधी फिरायचं यावर एकही मेसेज नाही. काल कुणीतरी लिहिलं, 'मध्यम ट्रेक ठेवू या', आणि त्यावर धडाधड अंगठे पडले.

मध्यम म्हणजे काय हो? आमच्या ग्रुपात रोज कमाटी बागेला तीन फेऱ्या मारणारे काका आहेत आणि दांडिया बाजारातून सूरसागरला जायलाही रिक्षा करणारा त्यांचा मुलगा आहे. या दोघांचं मध्यम एक कसं असेल?

मला हे एवढं टोचतं, कारण गेल्या वर्षी कंबोईला जी फजिती झाली तिचा सूत्रधार मी होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: पादरा, जंबुसर करत कावी-कंबोई आपल्यापासून साधारण पाऊणशे किलोमीटर. खंभातच्या आखाताच्या काठावर स्तंभेश्वर महादेव. भरतीला देऊळ पाण्यात जातं, ओहोटीला पिंड मोकळी होते, दिवसातून दोनदा. माझी आजी रत्नागिरीकडची. तिचा हिशोब तोंडपाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आम्ही गेलो त्या दिवशी पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पहाटे पावणेचारला आणि ओहोटी दहाच्या सुमारास. मी ऐटीत सगळ्यांना साडेनऊला किनाऱ्यावर उभं केलं.

समोर पाणीच पाणी. देवळाचा कळस तेवढा दिसत होता. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या आजीचा समुद्र वेगळा होता वाटतं."

तो खरंच वेगळा होता. पाऊणपटीचा हिशोब मुंबई-कोकणच्या उघड्या किनाऱ्याचा. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं, तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. भरतीची लाट त्यातून वर चढत येते आणि आतल्या गावांना मुंबईच्या मानाने काही तास उशिरा पोचते. आणि पोचते ती निमूट नाही. जागा अरुंद होत गेली की पाणी उंच होतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक आखाताच्या वरच्या भागात दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. शिवाय किनारा सपाट, सगळा गाळ. कोकणातल्यासारखी पुळण नाही की पाणी आलं तर चार पावलं मागे सरलं. इथे मागे सरताना पाय घोट्यापर्यंत रुततो. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.

तेव्हा माझं मत सरळ आहे, पटलं तर घ्या. किनाऱ्यावरची चाल शेवटाकडून ठरवायची. आधी भरतीची वेळ घ्यायची, आणि ती तिथल्या तिथून घ्यायची, देवळात विचारून. ती वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारी कुणी जाऊन आलं असेल तर त्याची वेळ आपल्या कामाची नाही. भरतीच्या तीन तास आधी सगळ्यांनी चिखल सोडून घट्ट जमिनीवर यायचं. तिथून मागे मोजत या: जेवण किती वेळ, सावकाश चालणाऱ्याला किती वेळ, गाडी कुठे उभी. निघायची वेळ सगळ्यात शेवटी आपोआप निघते. पहाटे साडेचार निघाली तर साडेचार. त्यावर कुरकूर चालणार नाही.

आपल्या भागात याचं मोठं उदाहरण आहे आणि आपण ते विसरतो. 1930 च्या मार्चमध्ये दांडीयात्रा महीकाठच्या कंकापुऱ्याला आली. नदी ओलांडायला होडी हवी, होडीला पाणी हवं, पाण्याला भरती हवी. म्हणून दिवसभर चालून आलेली माणसं रात्री नदी उतरली, आणि तरीसुद्धा चिखल तुडवावा लागलाच. गांधीजी तेव्हा साठ वर्षांचे. साबरमती ते दांडी सुमारे 385 किलोमीटर, 12 मार्च ते 5 एप्रिल. सोमवारी विश्रांती, रोजची चाल सकाळ-संध्याकाळ वाटलेली, दुपारचं ऊन टाळलेलं. त्याला कुणी मध्यम म्हटलं होतं का कोण जाणे, पण आखणी म्हणाल तर ती.

किलोमीटरवरही माझा विश्वास कमीच आहे. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक अंदाज दिला: तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाला वर एक तास. पावागडला तो बऱ्यापैकी लागू पडेल. कंबोईला चढ शून्य, म्हणजे कागदावर सोपंच. पण गाळात चालताना तासाला दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ. त्यात सावली नाही. तुम्ही 'किनाऱ्यावरचं जंगल' म्हणून नारळी-पोफळी डोळ्यांसमोर आणत असाल तर विसरा. वाटेत वेडी बाभूळ, आणि पाण्याच्या बाजूला तिवर, म्हणजे इकडे ज्याला चेर म्हणतात ते. जेमतेम डोक्याएवढी झाडं.

पण ती बघायलाच जायचं, असं मी म्हणेन. पश्चिम बंगालनंतर देशात सगळ्यात जास्त खारफुटी आपल्या गुजरातेत आहे. बरीचशी कच्छात, पण खंभातच्या काठीही आहे. तिवराचं पान चाटून बघा, खारट लागतं. झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. खाली गाळातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, झाड त्यांतून श्वास घेतं. त्यांच्यावर पाय देऊन फोटो काढायचा नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, तिथे ओरडले की तुम्हाला राग येतो.

माझा बेत असा. डिसेंबर किंवा जानेवारी, आधी नाही नंतर नाही. कावीत उतरायचं, तिथली सासू-सुनेची जैन देरासरं बघायची (सासू-सुनेच्या चढाओढीतून दोन देवळं उभी राहिली, आमच्या घरात नुसतेच टोमणे होतात), तिथून कंबोईकडे चालत, तिवरांच्या कडेकडेने थोडं फिरून परत. सगळं मिळून बारा-तेरा किलोमीटर. माणशी तीन लिटर पाणी. पायात जुने घट्ट नाडीचे बूट, कारण नवे बूट फोड आणतात आणि चपलांचं काय होतं ते सांगून झालंय. शेवटच्या माणसाच्या मागे एकजण कायम. गेल्या वेळी ज्या गाडीवाल्याने 'जल्दी करो' म्हणत अर्धा तास आधी हॉर्न वाजवला, तो नको. गाडी दिवसभरासाठी बोलायची.

त्याआधी तीन रविवार कमाटी बागेत तालीम. सकाळी सहाला, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन, सलग दोन तास, मध्ये भजी नाही. 1879 साली सयाजीराव महाराजांनी ही बाग उभारली ती आपण फक्त बाकांवर बसायला वापरतो. बागेजवळून वाहणारी विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळून त्याच आखातात जाते, तेव्हा तालमीची जागा अगदी योग्य. फक्त काठाशी रेंगाळू नका, मगरी पाहुणचाराला हजर असतात. 2024 च्या पुरात त्या लोकांच्या अंगणात आल्या होत्या.

तीनही रविवार जो येईल त्याचं नाव यादीत. बाकीच्यांनी थेपले पाठवले तरी चालतील. आत्याबाई येतो म्हणाल्यात, आणि त्यांनी भरतीची वेळ या वेळी स्वतः देवळात विचारणार असं मला बजावलंय.