फोटो माझा, पण खालचा मजकूर माझा नाही

‘सापाच्या तोंडाचं विषारी फुलपाखरू, लॉकडाऊनमुळे कोल्हापुरात पहिल्यांदाच!’ या ओळीसह फिरणारा फोटो मी २०२० च्या पावसाळ्यात घराजवळच्या झाडीत काढला होता.

ते फुलपाखरू नाही, ॲटलास पतंग आहे. पंखांचा विस्तार जवळपास २५ सेंटीमीटर. पंखांची टोकं सापाच्या डोक्यासारखी दिसतात, शत्रू बिचकावा म्हणून. विष तर सोडाच, प्रौढ पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं! अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो एक-दोन आठवडे जगतो, तेवढ्यात जोडीदार शोधायचा. अळी लिंबू, पेरू, दालचिनीचीही पानं खाते.

पहिल्यांदाच वगैरेही काही नाही. सह्याद्रीत तो आधीपासूनच आहे. आपण घरी बसलो म्हणून दिसला. दिसला तर झाडूनं मारू नका.